‘तरतूद नाही’ हे उत्तर नेमकं कुठे ठरतं?

मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलंय: आमच्या गल्लीतलं पावसाळी गटार दर जूनमध्ये तुंबतं आणि तळमजल्याच्या घरांत पाणी शिरतं. विभाग कार्यालयात गेलं की सांगतात, ‘तरतूद नाही.’ नगरसेवक म्हणतात, ‘प्रशासनाने प्रस्तावच आणला नाही.’ आणि पेपरात वाचावं तर स्थायी समितीच्या एकेका बैठकीत कोट्यवधींचे प्रस्ताव भराभर मंजूर होतात. मग खरं कोण बोलतंय? आणि समितीत बसलेली माणसं ते प्रस्ताव वाचतात तरी का?

माझी सगळी नोकरी महापालिकेत गेली. आधी विभाग कार्यालयाच्या लेखा शाखेत होतो, नंतर चिटणीस खात्यात, म्हणजे जिथून समित्यांच्या कार्यक्रमपत्रिका निघतात तिथे. त्या अनुभवावरून सांगतो, तुम्हाला भेटलेले दोघंही खरं बोलताहेत. तुमच्या गटाराचा निर्णय त्या दोघांच्याही टेबलावर होत नाही. तो आठ-नऊ महिने आधी झालेला असतो, आणि तो होतो तेव्हा तिथे तुमच्या बाजूने बोलणारं कोणी नसतं.

आधी अधिकारांची वाटणी पाहू, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मुंबई महानगरपालिका अजूनही 1888 च्या अधिनियमावर चालते. त्यात कारभार करण्याचा अधिकार आयुक्तांचा आहे, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. 227 निवडून आलेले नगरसेवक आणि त्यांच्यातून बनलेल्या समित्या मंजुरी देतात, नाकारतात, प्रश्न विचारतात, धोरण ठरवतात. पैशाच्या बाबतीत सगळ्यात वजनदार म्हणजे 27 सदस्यांची स्थायी समिती. ठरावीक रकमेवरचं कंत्राट तिच्या मंजुरीशिवाय देता येत नाही. पण ते कंत्राट तिच्यासमोर आणायचं काम प्रशासनाचं. नगरसेवक ठरावाची सूचना देऊ शकतात, हरकतीचा मुद्दा घेऊ शकतात, प्रस्ताव फेरविचारासाठी परत पाठवू शकतात, पण गटाराचा प्रस्ताव स्वतः लिहून मंजूर करू शकत नाहीत. ‘प्रस्तावच आणला नाही’ हे त्यांचं म्हणणं म्हणून खरं. मात्र प्रस्ताव का आला नाही हे शोधून त्याच्या मागे लागणं त्यांच्या हातात असतं, आणि माझ्या मते नगरसेवकाची खरी परीक्षा तिथेच होते.

आता ‘तरतूद नाही’बद्दल. आयुक्तांनी पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्प 5 फेब्रुवारीपर्यंत स्थायी समितीला सादर करावा असं अधिनियम सांगतो. नवीन आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं. पण फेब्रुवारीत जो ग्रंथ मांडला जातो त्याची तयारी दिवाळीच्या आसपास सुरू झालेली असते. विभाग कार्यालयातला परिरक्षण (देखभाल) खात्याचा कनिष्ठ अभियंता आपल्या हद्दीतल्या कामांची यादी करतो, दुय्यम अभियंता ती तपासतो, सहाय्यक आयुक्तांच्या सहीने ती वर जाते, खातेप्रमुखांकडे कापली जाते आणि लेखा खात्याकडे पुन्हा कापली जाते. तुमचं गटार त्या पहिल्या यादीत नसेल तर जूनमध्ये तुम्ही कितीही पोटतिडकीने बोललात तरी समोरच्या अभियंत्याकडे द्यायला काही नसतं. तक्रारी जूनमध्ये येतात, याद्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात. हे अंतर मी इतकी वर्षं पाहिलं आणि त्याचा मला मनापासून त्रास होत आलाय, कारण त्यात कोणाचाच वाईट हेतू नसतो आणि तरी लोकांच्या घरात पाणी शिरतं.

यात अजून एक मेख आहे, आणि ती सोसायट्यांना कोणी समजावून सांगत नाही. गटारातला गाळ काढणं हा महसुली खर्च. गटार रुंद करणं, त्याचा उतार सुधारणं, नवीन वाहिनी टाकणं हा भांडवली खर्च. दोन्हींची अर्थसंकल्पातली शीर्षं, म्हणजे खर्चाची खाती, वेगळी, मंजुरीची वाट वेगळी. तुम्ही अर्जात ‘गटार तुंबतं, साफ करावं’ असं लिहिता. कामगार येतात, गाळ काढून जातात, तक्रार निकाली निघाल्याची नोंद होते आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा पाणी. रोग उताराचा असेल आणि अर्ज गाळाचा असेल, तर उत्तर गाळाचंच मिळणार. म्हणून आधी अभियंत्याला जागेवर बोलवा, झाकण उघडून दाखवा आणि त्याच्याकडून हे कळून घ्या की पाणी गाळामुळे थांबतंय, की वाहिनीच अपुरी आहे, की पुढच्या मोठ्या नाल्याचं तोंडच उंचावर आहे. तिसऱ्या प्रकारात विभाग कार्यालयाच्या हातात फारसं काही उरत नाही. ते काम पर्जन्य जलवाहिन्या खात्याचं होतं आणि त्याचा पत्ताही बदलतो.

त्याही आधी जमीन कोणाची ते पाहा. मुंबईत हा प्रश्न पावलोपावली अडवतो. म्हाडाचा अभिन्यास (लेआउट), बंदराची जमीन, रेल्वेची हद्द, जिल्हाधिकाऱ्यांची जागा, किंवा महापालिकेकडे कधी हस्तांतरितच न झालेला खासगी रस्ता. अशा ठिकाणी महापालिकेला स्वतःचा पैसा घालायला आधी परवानगी किंवा ना-हरकत लागते. अनेक गल्ल्यांच्या बाबतीत ‘तरतूद नाही’ याचा खरा अर्थ ‘ही जागा आमची नाही’ असा असतो, पण कोणी तो स्पष्ट बोलून दाखवत नाही.

पैसा नाही म्हणून गटार होत नाही, असं मात्र समजू नका. 2025-26 चा महापालिकेचा अर्थसंकल्प 74,427 कोटी रुपयांचा होता, त्यातले 43,000 कोटींहून अधिक भांडवली कामांसाठी. पण त्यातला मोठा वाटा किनारी रस्त्याचा पुढचा टप्पा, गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता, मलप्रक्रिया केंद्रं, काँक्रिटीकरण अशा मोठ्या कामांना आधीच बांधलेला असतो. शिक्षणाचा ‘ई’ अर्थसंकल्प वेगळा, पाणी आणि मलनिस्सारणाचा ‘ग’ वेगळा. विभागाच्या वाट्याला येणारी रक्कम या सगळ्यानंतरची. आणि उत्पन्नाची बाजूही पूर्वीसारखी आपल्या हातात राहिलेली नाही. 1 जुलै 2017 ला वस्तू व सेवा कर आला आणि जकात गेली, तेव्हापासून रोज नाक्यावर जमा होणाऱ्या पैशाऐवजी राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर अवलंबून राहावं लागतं. 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर 2022 मध्ये माफ झाला. घरात बसून मलाही तो निर्णय आवडला, पण लेखा शाखेत काम केलेल्या माणसाला त्याची दुसरी बाजू दिसल्याशिवाय राहत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. वाचतात का?

काही जण फार बारकाईने वाचतात. मी असे सदस्य पाहिलेत की ज्यांच्या हातातल्या कार्यक्रमपत्रिकेला पानोपानी घड्या असायच्या, आणि ते बोलायला उभे राहिले की खातेप्रमुख सावरून बसायचे. बाकीचे पक्षाचा गटनेता काय म्हणतो त्यावर चालतात. प्रस्ताव भराभर मंजूर होतात याची कारणं बरीच साधी आहेत. बहुतेक प्रस्ताव नेहमीचे असतात: औषधांची खरेदी, रुग्णालयाची सफाई, शाळेची दुरुस्ती, पंपांची देखभाल. गटनेत्यांचं आधी बोलणं झालेलं असतं. आणि समितीने प्रस्ताव अनिश्चित काळ अडवून ठेवू नये म्हणून अधिनियमातच मुदत आहे, ती उलटली की प्रस्ताव मंजूर झाला असं मानलं जातं. म्हणजे ‘राखून ठेवला’ ही बातमी ऐकून खूश होण्यात अर्थ नाही. राखून ठेवलेला प्रस्ताव कोणी पाठपुरावा केला नाही तर गुपचूप मंजूर होऊ शकतो.

पण भराभर मंजुरी आणि नीट मंजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फरक कुठे पडतो ते एका प्रस्तावावरून दाखवतो. विषय समजा असा: अमुक विभागातल्या लहान नाल्यांतला गाळ काढणे व वाहून नेणे. पत्राच्या पहिल्या परिच्छेदात कामाची गरज असते, ती दरवर्षी जवळपास तीच, तिथे वेळ घालवू नका. खाली एक तक्ता असतो. त्यात अंदाजित खर्च, किती निविदाकार आले, किती पात्र ठरले, लघुत्तम देकार, म्हणजे सगळ्यात कमी बोली, किती आणि तो अंदाजापेक्षा किती टक्के उणे किंवा अधिक. नजर आधी ‘किती आले’वर जायला हवी. दोनच आले असतील आणि एक अपात्र ठरला असेल तर पुढचे सगळे आकडे वेगळ्या नजरेने वाचावे लागतात.

मग ‘उणे’चा रकाना. समजा खात्याने एक टन गाळ काढून शहराबाहेर टाकायचा खर्च 100 रुपये धरला आणि कंत्राटदाराने 70 मागितले. समितीत कोणीतरी म्हणतं, महापालिकेचे 30 टक्के वाचले. मला हे वाक्य ऐकून कायम काळजी वाटायची. पोकलेनचं भाडं सगळ्यांना तेच. डिझेलचा भाव तोच. गाळ टाकायची जागा मुंबईबाहेर कंत्राटदारालाच शोधावी लागते, तिचं भाडं आणि तिथवरच्या फेऱ्याही त्याच. मग हे 30 रुपये येणार कुठून? एक तर खात्याचा अंदाज फुगवलेला होता, म्हणजे दर वर्षानुवर्षं तपासलेच गेले नाहीत. नाहीतर पैसे प्रत्यक्ष कामातून वाचवले जाणार, म्हणजे कागदावरच्या फेऱ्या आणि खऱ्या फेऱ्या यांत तफावत पडणार. दोन्हींपैकी काहीही असो, प्रश्न विचारायलाच हवा. फार खाली गेलेल्या देकारावर जादा अनामत घेण्याची पद्धत आहे, ती चांगली आहे, पण अनामतीने गाळ निघत नाही. गाळाचं बिल वजनावर निघतं, म्हणून वजनकाट्याच्या पावत्या, गाडीचा क्रमांक, जीपीएसची नोंद, काम सुरू होण्याआधीचं आणि नंतरचं चित्रीकरण हे पाहायचं. अलीकडच्या वर्षांत एकूण गाळापैकी 80 टक्के पावसाळ्याआधी, 10 टक्के पावसाळ्यात आणि 10 टक्के नंतर काढायचं उद्दिष्ट असतं. मे महिन्याच्या अखेरीस ‘80 टक्के पूर्ण’ असं वाचलं की आपल्या नाल्यापाशी जाऊन उभं राहावं आणि फोटो काढून ठेवावा. तारखेसकट काढलेला तो फोटो पुढे फार कामाला येतो.

यापेक्षाही जास्त लक्ष मी मुदतवाढीच्या प्रस्तावांकडे द्यायला सांगेन. रकमेने ते लहान दिसतात, कार्यक्रमपत्रिकेत शेवटी असतात, आणि भाषा ठरलेली: ‘नवीन निविदा प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत विद्यमान कंत्राटदारास मुदतवाढ.’ सुरक्षारक्षक, सफाई, यंत्रांची देखभाल यांत हे फार चालतं. सेवा बंद पडू देता येत नाही हे अगदी खरं, रुग्णालयाची सफाई एक दिवसही थांबवता येत नाही. पण जुनं कंत्राट कोणत्या तारखेला संपणार हे ते दिलं त्या दिवशीच माहीत असतं. मग नवीन निविदेची फाइल कधी सुरू झाली? ही एक तारीख विचारली की पुष्कळ गोष्टी उघड होतात. जो नगरसेवक ही तारीख विचारतो तो शहराचे पैसे वाचवतो, आणि त्याची बातमी होत नाही.

फेरफाराच्या, म्हणजे काम चालू असताना त्याचा खर्च किंवा स्वरूप बदलण्याच्या प्रस्तावांबद्दल मात्र लोकांचं मत जरा कडक असतं, ते मला पूर्ण पटत नाही. खर्च वाढला म्हणजे चोरीच झाली असं नाही. मुंबईतला रस्ता खणला की खाली काय निघेल सांगता येत नाही. पाण्याच्या जुन्या वाहिन्या, मलवाहिन्या, वीज, गॅस आणि दूरसंचाराच्या केबल्या, कधी कधी नकाशात नसलेलं दगडी बांधकामाचं जुनं गटार. ते हलवायचं, जपायचं, वळसा घालायचा, याला पैसा लागतो. प्रामाणिक फेरफारात काय सापडलं, कुठल्या साखळीवर (कामाच्या सुरुवातीपासून किती मीटरवर) सापडलं, मोजमाप पुस्तिकेत कधी नोंदलं हे लिहिलेलं असतं. ज्यात नुसतं ‘जागेवरील परिस्थितीनुसार’ एवढंच असतं तो प्रस्ताव परत पाठवावा.

नेहमीचा म्हणून पटकन झालेला निर्णय किती लांबवर पोचतो याचं माझ्या डोळ्यांसमोरचं उदाहरण पाणीपट्टीचं आहे. 2012 मध्ये स्थायी समितीने दरवर्षी कमाल 8 टक्क्यांपर्यंत पाणीपट्टी वाढवण्याचा अधिकार प्रशासनाला दिला. सात तलावांतून शंभर किलोमीटरपर्यंतच्या अंतरावरून पाणी आणायचं, शुद्ध करायचं, चढावर ढकलायचं, त्याचा वीजखर्च आणि आस्थापनाखर्च वाढत जातो, म्हणून दरवर्षी समितीपुढे यायला नको असा त्यामागचा हेतू होता आणि तो समजण्यासारखा होता. पण त्यानंतर किती सदस्य बदलले, सभागृहं बदलली, तरी तो एक ठराव तुमच्या सोसायटीच्या बिलावर काम करत राहिला. मधे काही वर्षं विरोध झाला म्हणून वाढ थांबलीही. मुद्दा असा की अधिकार सोपवणारा ठराव हा रकमेच्या ठरावापेक्षा जास्त जपून वाचायचा असतो, कारण त्यात आकडा छोटा दिसतो आणि मुदत लिहिलेलीच नसते.

आणि समितीत वाचून काय उपयोग, असं वाटत असेल तर मधला काळ आठवा. 7 मार्च 2022 ला सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी 2026 मध्ये निवडणूक होईपर्यंत महापालिका प्रशासकांकडे होती. त्या काळात आयुक्तांनी प्रस्ताव मांडायचा आणि प्रशासक म्हणून आयुक्तांनीच तो मंजूर करायचा अशी व्यवस्था होती. जवळपास 400 किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाची, सुमारे 6,000 कोटींची पाच कंत्राटं 2023 च्या सुरुवातीला याच व्यवस्थेत दिली गेली. त्यातलं शहर विभागाचं कंत्राट महापालिकेला त्याच वर्षी रद्द करावं लागलं आणि नव्याने निविदा काढाव्या लागल्या. सभागृह असतं तर हे टळलंच असतं असा दावा मी करणार नाही. पण कोणीतरी उभं राहून ‘या ठेकेदाराकडे किती यंत्रं आहेत, एकाच वेळी किती रस्ते खणणार’ असं विचारलं असतं, आणि त्याचं उत्तर इतिवृत्तात राहिलं असतं. इतिवृत्त नसणं हे मला त्या चार वर्षांतलं सगळ्यात मोठं नुकसान वाटतं. त्या काळातला निर्णय का झाला हे शोधायचं तर फाइलच मागवावी लागते.

प्रभाग समित्यांचंही सांगायला हवं, कारण लोक त्यांना विसरलेत. स्थायी समिती दूर आहे, प्रभाग समिती तुमच्या विभाग कार्यालयातच भरते. तिथे त्या भागातले नगरसेवक सहाय्यक आयुक्तांना समोर बसवून विचारू शकतात. शिवाय त्या भागात काम करणाऱ्या नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी घेण्याची सोय अधिनियमात आहे. ती जागा भरा म्हणून नागरिकांनी मागे लागायला हवं. अख्ख्या महापालिकेत नागरिकाला कायद्याने इतकी जवळची खुर्ची क्वचितच मिळते.

तुमच्या गटारासाठी आता काय करायचं ते सांगतो. या पावसात पाणी भरेल तेव्हा 1916 वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा, प्रत्येक वेळी नवीन नोंदवा. पाणी किती इंच चढलं ते भिंतीवर खूण करून फोटो घ्या. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कनिष्ठ अभियंत्यासोबत जागेची पाहणी करा आणि तिचा अहवाल लेखी मागा, मिळाला नाही तर माहिती अधिकारात मागा. गणपती उरकले की सहाय्यक आयुक्तांच्या नावे पत्र द्या, त्यात ‘साफ करावे’ लिहू नका. ‘वाहिनीची क्षमता व उतार सुधारण्याचे काम पुढील वर्षाच्या अर्थसंकल्पीय प्रस्तावात समाविष्ट करावे’ असं लिहा आणि तक्रार क्रमांक, फोटो, पाहणीचा अहवाल जोडा. आवक शिक्क्याची पोच घ्या आणि एक प्रत नगरसेवकांना द्या, म्हणजे ‘प्रस्ताव आला नाही’ असं म्हणण्याऐवजी त्यांना तो का आला नाही हे विचारता येईल.

फेब्रुवारीत अर्थसंकल्प महापालिकेच्या संकेतस्थळावर येतो. तुमच्या विभागाच्या कामांत गटार शोधा. नसेल तरी एक वाट उरते: स्थायी समितीतल्या चर्चेत काही रक्कम नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांकडे वळवली जाते, आणि त्यासाठी त्यांना कामाचं नाव, ठिकाण आणि अंदाजे खर्च लेखी हवा असतो. तो कागद फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याआत त्यांच्या हातात पोचवा. मार्चमध्ये दिलेल्या कागदाचा उपयोग होत नाही, तोवर याद्या बंद झालेल्या असतात.